खरं बोलणारं नाक

माझ्या मामाइतकं स्पष्टवक्तं नाक उभ्या परभणी जिल्ह्यात दुसरं नसेल. येलदरीच्या वीजघरात पाण्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, तिच्यात अडकलेला कचरा काढायचं त्याचं काम. बाकी सगळा वेळ तो हुंगत असायचा. पत्र आलं की आधी पाकीट हुंगायचा, मग वाचायचा. पाथरीच्या एका लग्नात तर पंगत बसायच्या आत "बासुंदी खाली लागलीय" असं त्यानं व्याह्यांना तोंडावर सांगितलं. बासुंदी खरोखरच लागलेली निघाली, आणि व्याह्यांना त्याचाच जास्त राग आला.

हे नाक माझ्या वाट्याला आलं ते सत्तरच्या दशकात, मी मास्तरीण व्हायला शिकत असताना. माझा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले. लहानपणी शिवले, तरी टाळूला बारीक भोक राहिलंच, त्यातून अन्नाचे कण नाकात जायचे. त्यात हैदराबादेहून दातांना तारा बसवून आणलेल्या. माझ्या श्वासाला वास यायला लागला. आई म्हणायची, "काई वास येत न्हाई." मैत्रिणीही तेच म्हणायच्या आणि जरा लांब बसायच्या. बोरीच्या शाळेत माझा परीक्षेचा पाठ ठरला होता. पोरांनी नाकं धरली तर पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मामानं मला समोर बसवलं. "तोंड मीट, नाकानं श्वास सोड." हुंगलं. "आता नाक धर, तोंडानं सोड." पुन्हा हुंगलं आणि बासुंदीच्याच सुरात निकाल दिला, "दोन वास हायेत. तोंडाचा तारांमुळं, नाकाचा भोकामुळं. जाळीला कचरा अडकल्यावर पाणी वास मारणारच की. त्यात लाजायचं काय? काढायचा."

इतक्या दिवसांत कुणीतरी खरं बोललं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. मग रोज जेवण झालं की बारीक ब्रश, मिठाचं कोमट पाणी तोंडात आणि नाकात, आणि वर मामाची तपासणी. "कालच्यापेक्षा बरं हाय, पण मागच्या दाढंत मेथी हाय."

पाठाच्या दिवशी तो एसटीनं बोरीला आला. शाळेच्या फाटकाशी मला दोनदा हुंगून म्हणाला, "वासच न्हाई. जा, पोरांच्या जवळ जाऊन शिकव." मी गेले. पहिल्या रांगेतली एक मुलगी अक्षर दाखवायला वही घेऊन अगदी माझ्या तोंडाशी आली आणि तिथेच रेंगाळली. पुढे तीस वर्षं मी शिकवलं.

मामा गेल्यावर बोलता बोलता मामी म्हणाली, "तुझ्या पाठाच्या टायमाला ह्यांना लय सर्दी होती गं. चुलीवर दूध करपलं तरी कळंना." व्याह्यांची भीड न धरणारा माणूस माझ्यासाठी सरळ खोटं बोलला होता. त्याला एकदा चांगला जाब विचारायचा होता, आणि मग पाया पडायचं होतं.