खडबडीत कडेचा क्यू

आमच्या घरातला इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ सेकंडहँड होता. बाबांच्या कोलशेतच्या कंपनीतले एक साहेब परदेशी निघाले, तेव्हा घर आवरताना त्यांनी तो बाबांना देऊन टाकला. पट होता, अक्षरांच्या चौकोनी लाकडी सोंगट्या होत्या, त्या आपल्यापुढे लावून ठेवायच्या पट्ट्या होत्या, फक्त क्यू हरवलेला होता. अपुरी वस्तू घरात ठेवणं बाबांच्या स्वभावात नाही. त्यांनी कंपनीतल्या सुताराकडून पॅकिंगच्या खोक्याचा तुकडा कापून आणला, पॉलिश पेपरने घासला आणि त्यावर काळ्या रंगाने क्यू काढला, कोपऱ्यात बारीक दहा. कितीही घासलं तरी एक कड मात्र खडबडीतच राहिली.

रविवारी जेवणं झाली की ठाकुर्लीच्या आमच्या दोन खोल्यांत सतरंजी पडायची. हा सगळा घाट माझ्यासाठी होता. मी मराठी शाळेतून पाचवीत इंग्रजी माध्यमात गेले होते आणि वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बाबा कोकणातल्या शाळेत शिकलेले, त्यांचं इंग्रजी कामापुरतं. आईचं त्याहून कमी. ती तीन अक्षरांचे शब्द लावायची आणि आम्ही दोघं भांडत बसलो की चहा टाकायला उठायची.

सोंगट्यांसाठी आईने ब्लाउजच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली होती. न बघता आत हात घालायचा आणि अक्षरं उचलायची. क्यूचे मार्क दहा, पण त्याला बहुतेक वेळा पाठीला यू लागतो, आणि अख्ख्या पिशवीत यू फक्त चार. खेळ संपेपर्यंत क्यू हातातच राहिला, तर दहा मार्क वजा.

मला बाबांना हरवायचं होतं. वर्गात खालमानेने बसणाऱ्या मुलीला कुठेतरी जिंकायचं होतंच. पिशवीत हात घातला की ती खडबडीत कड बोटांना लागायची. मी ती सोडून द्यायचे आणि शेजारचं अक्षर उचलायचे. चेहरा अगदी देवासमोर बसल्यासारखा.

त्यामुळे क्यू जवळजवळ दर रविवारी बाबांकडे जायचा. "आले आपले पाहुणे," म्हणत ते त्याला स्वतःच्या पट्टीवर कडेला बसवायचे. आपलं नशीबच तसं आहे असं त्यांनी मानलंय, अशी माझी समजूत होती. कारण एके दिवशी त्यांनी रद्दीवाल्याकडून कव्हर गेलेली एक जाडजूड डिक्शनरी आणली. यूशिवाय चालणारे क्यूचे शब्द शोधायचे होते. क्यूची पानं दोन दिवसांत संपली. पण क्यू शब्दाच्या पोटातही असतो, शेपटीलाही असतो. ते सापडायला सगळी डिक्शनरी पालथी घालायला हवी, आणि त्यांनी ती घातली. रोज कामावरून आले की चष्मा लावून, ओळीखाली फूटपट्टी धरून, पान पान. दोन वर्षं!

शब्द सापडला की कंपनीच्या जुन्या डायरीत उतरवायचे आणि स्वयंपाकघरात ओरडून सांगायचे. फकीर, काझी, तलाक, कव्वाली, सगळ्यांच्या इंग्रजी स्पेलिंगात यूशिवायचा क्यू. "अगं, ही तर सगळी आपल्याकडची मंडळी! इंग्रजीत जाऊन बसलीयत!" आई म्हणायची, "मग त्यांनाच विचारा, पोळ्या किती लाटू." मीही हसायचे. माझ्या लबाडीपायी हा माणूस डिक्शनरी वाचत होता. मी ते कधीच बोलले नाही.

पुढे माझं इंग्रजी सुधारलं, नोकरी लागली, लग्न होऊन मी खोपटला आले. आता तोच खेळ मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर खेळते. मोबाइलच्या पिशवीत हात घालता येत नाही. क्यू यायचा तेव्हा येतोच. गेल्या महिन्यात तो अगदी शेवटी आला. यू कुठेच नव्हता. मी फकीर लावला आणि जिंकले. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "हा शब्द कुठून काढलास गं?" डब्यासमोर बसून मी चक्क रडले.

त्याच रविवारी ठाकुर्लीला गेले. बाबांना पट काढायला लावला आणि पिशवीला हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

बाबांनी सोंगट्या पिशवीत भरणं थांबवलं नाही. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "सोंगटी मी घासलेली. ती कड मला नाही कळणार?"

"मीपण सोडायचे," आतून आई म्हणाली. तिच्या आवाजात पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

"मग बाबा, तुम्ही का घ्यायचात?"

"अगं, पिशवी रिकामी झाल्याशिवाय खेळ संपतो का? कुणीतरी घ्यायलाच हवा. तू तेव्हा दहा मार्कांनी हरली असतीस ना, तर पुढच्या रविवारी बसलीच नसतीस."

बाबांनी पिशवीत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिले. साखरेच्या आजारामुळे हल्ली त्यांच्या बोटांना नीट जाणवत नाही. "आता हाताला कळत नाही गं," ते हसून म्हणाले. सात सोंगट्या काढून त्यांनी पट्टीवर लावल्या. क्यू त्यांत नव्हता. त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली.

मी हात आत घातला. तिसऱ्याच सोंगटीला कड लागली, तशीच खडबडीत. मी ती उचलली आणि माझ्या पट्टीवर कडेला बसवली.