मावशीचे साधे टायर

डेपोत तिला लोणी म्हणायचे. शहर बस चालवायला लागून तिला वीसेक वर्षं झाली होती, आणि ती ब्रेक असा लावायची की उभ्या प्रवाशाच्या हातातली पिशवीसुद्धा हलत नसे. नाव पडलं चेष्टेत, पण तिने ते मिरवलं. नवा चालक आला की साहेब त्याला आधी तिच्या बसमध्ये बसवत आणि म्हणत, "बघा, असं चालवायचं." त्या दिवशी ती स्टिअरिंगवर जरा जास्तच ताठ बसायची.

हीच बाई रविवारी चामड्याचा सूट चढवून शर्यतीच्या ट्रॅकवर गुडघा घासेल इतकी मोटरसायकल वाकवते, हे डेपोत निम्म्यांना थापच वाटायचं. चाळिशी उलटल्यावर तिने हा नाद लावून घेतला होता. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "आठवडाभर मागच्या माणसांना जपते. रविवारी मागे कुणी नसतं."

ट्रॅकवर मात्र ती सगळ्यांची मावशी. कारण बरोबर भाची यायची, आणि भाचीच्या हाका ऐकून बाकीचेही तेच म्हणायला लागले. भाची दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर मेणाचे दात बसवायचे, कोरायचे, घासायचे. त्यामुळे हात स्थिर आणि डोकं शांत. क्लच सोडायला तिला मावशीनेच एका रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं होतं. दोन वर्षांत पोरगी मावशीला मागे टाकून गेली. वाईट वाटायला हवं होतं, पण मावशी भेटेल त्याला सांगायची, "ती निळी गाडी दिसली? नाही ना? कशी दिसणार! ती माझी भाची."

या सगळ्यावर नाराज एकच माणूस, भाचीची आई. मावशीची ही थोरली बहीण एका रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. "माझ्याकडे प्लास्टर घालून पडलेला प्रत्येक जण हेच सांगतो," ताई म्हणायची, "'सिस्टर, मी अगदी हळू चालवत होतो.' तू माझ्या पोरीला कसल्या नादाला लावलंस?" ट्रॅकवर तिने एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं.

मग भाचीने टायर वॉर्मर आणले. हे म्हणजे जाड कापडाचे पट्टे. आत तापणाऱ्या तारा असतात, गाडी स्टँडवर उचलून ते दोन्ही चाकांना गुंडाळायचे आणि जनरेटरला जोडायचे. ट्रॅकवर जाण्याआधी तासभर टायर तापत ठेवायचे, म्हणजे पहिल्याच वळणावर ते रस्त्याला धरून राहतात.

मावशी हसून हसून बेजार झाली. "अगं, टायरांना दुपट्यात काय गुंडाळून ठेवलंस? आता पावडर लावून झोपव."

"थट्टा कर तू," भाची म्हणाली. "थंड टायरवर घसरलीस की कळेल."

"मी दोन फेऱ्या सावकाश मारते. तापतात आपोआप."

"तुझे तापतात. माझे तापतील का?"

हे ऐकून मावशी हट्टाला पेटली. पुढच्या रविवारी सकाळी चांगलंच गारठलं होतं. तिने भाचीचे वॉर्मर मागून घेतले, आपल्या गाडीला लावले आणि एक सत्र चालवलं. दुपारी टायर पार निवल्यावर दुसरं सत्र वॉर्मरशिवाय केलं. ट्रॅकवर शिकवणारे मास्तर घड्याळ लावून कठड्याशी उभे होते.

"पहिल्या फेरीत फरक आहे," मास्तर म्हणाले. "तिसरीपासून काहीच नाही. तुमचे टायर रस्त्यावरचे, नक्षीचे. ते चटकन गरम होतात, त्यांना ह्याची गरज नाही. हिचे शर्यतीचे, गुळगुळीत. ते तापले तर सोनं, नाही तर साबण."

"म्हणजे माझं बरोबर," मावशी म्हणाली.

"आणि माझंही," भाची म्हणाली.

मावशीने मान्य केलं, पण अर्ध्या तोंडाने. पहिल्या फेरीत गरम टायरवर जी निर्धास्ती वाटली होती, तिच्याबद्दल ती भाचीशी चकार शब्द बोलली नाही. मास्तरांशी मात्र बोलली. "मास्तर, ह्या निर्धास्तीचीच मला भीती वाटते. कापड काढलं की टायर निवायला लागतो, आणि माणसाच्या डोक्यात तो गरमच राहतो."

मोसमाच्या शेवटी हौशी लोकांची एक छोटी शर्यत असे. त्या वर्षी दोघींनी नाव दिलं. आणि कधी नव्हे ती ताई आली. मुलीचा हट्ट होता, पण येताना ताईने प्रथमोपचाराची अख्खी पेटी आणली आणि ती मांडीवर घेऊन गॅलरीत बसली. चेहरा असा, की जणू शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर बसली आहे.

शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्याच फेरीत एका गाडीचं इंजिन फुटलं. वळणभर तेल सांडलं. लाल बावटा दाखवला गेला आणि सगळ्यांना आत बोलावलं. सामान ठेवलेल्या तंबूंकडे परत जायची परवानगी नव्हती. गाड्या ट्रॅकलगतच्या पिटच्या गल्लीतच रांगेत उभ्या राहिल्या. तिकडे माणसं भुसा टाकून तेल टिपत होती, इकडे ढग आले आणि झोंबरा वारा सुटला. वॉर्मर लांब तंबूत पडून होते. मावशीने मागून पाहिलं, भाचीने हातमोजा काढून पुढच्या टायरवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मोजा परत चढवला आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

तयारीची एक फेरी मिळाली, पण त्या वाऱ्यात एका फेरीने काय होणार! शर्यत पुन्हा सुटली. पुढचे सगळे, आपले टायर अजून सकाळसारखेच गरम आहेत अशा थाटात, सुसाट निघाले. भाची मात्र कडेने, अंग चोरून चालली होती. एकामागून एक गाड्या तिला ओलांडून गेल्या. मावशी तिच्या मागे पोचली आणि क्षणभर तिला काही सुचेना. आपल्याच पोरीला मागे टाकायचं? तेवढ्यात भाचीने डावा पाय बाहेर काढून हलवला. जा पुढे.

मावशी गेली. तिचे नक्षीचे टायर एव्हाना रस्ता धरू लागले होते. पहिल्या मोठ्या वळणावर पुढच्या एका गाडीचं मागचं चाक सटकलं. स्वार घसरत गवतात गेला आणि लगेच उठून हात वर करून उभा राहिला. त्याच्या मागच्या दोघांचं धाबं दणाणलं, त्यांनी ब्रेक दाबले. मावशीने मात्र ब्रेक असा अलगद सोडला, जसा ती रोज बसथांब्यावर सोडते, आणि दोघांच्या मधून आरपार निघाली. पाठोपाठ आणखी एक मागे पडला. आयुष्यात पहिल्यांदा ती शर्यतीत चौथी होती.

तिसऱ्या फेरीला डाव्या कानाशी ओळखीचा आवाज आला. निळी गाडी शेजारी आली, वळणात आत शिरली आणि पुढे गेली. इतकी जवळून, इतकी नेटकी, की हेल्मेटच्या आत मावशी मोठ्याने ओरडली, "शाब्बास माझ्या बछड्या!" पोरीला वेग येतो हे तिला ठाऊकच होतं. पण सगळे पुढे निघून जात असताना वेग आवरून धरायचा, हे तिने पोरीला कधी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिने कमावलं होतं. मावशीचा ऊर इतका भरून आला की पुढच्या वळणावर ती जरा बाहेरच्या कडेला गेली आणि एकाने तेवढ्यात तिला गाठलं. गेला तर गेला.

भाची दुसरी आली. मावशी सहावी.

तंबूत पोचल्या तर ताई आधीच तिथे उभी. तिने आधी मुलीची हाडं चाचपली, मग बहिणीची. मनगट, खांदा, गळ्याचं हाड. सगळं जागच्या जागी आहे हे कळल्यावर तिला कंठ फुटला. "मध्येच मागे का पडली ही? मला वाटलं, गाडी बिघडली."

"ताई, टायर निवले होते. ज्यांना ते कळलं नाही त्यातला एक गवतात गेला. हिला कळलं."

मुलीच्या कपाळावरचे घामाने चिकटलेले केस ताईने बोटांनी मागे सारले.

थोड्या वेळाने मावशी कॉफी आणायला गेली. काउंटरपाशी ताई पाठमोरी उभी होती आणि एका अनोळखी बाईला सांगत होती, "निळ्या गाडीवाली ना, दुसरी आली ती? ती माझी मुलगी." मग थोडं थांबून, आवाज चढवून, "आणि ती मधल्या दोघांना कापून गेली ती? ती माझी धाकटी बहीण. शहर बस चालवते!"

मावशी कॉफी न घेताच मागे वळली. डोळे पुसायला तिला जरा आडोसा हवा होता.