शेवटचा टेम्पो

पेणजवळच्या जोह्याहून रोह्याला गणपतीच्या मूर्ती निघाल्या की सहा टेम्पोंच्या रांगेत काकांचा टेम्पो कायम शेवटी. सहाही ड्रायव्हर एकाच कॉलवर. पुढचा "खड्डा हाय" म्हणाला की सगळ्यांनी एकदमच वेग कमी करायचा, हा काकांचा दंडक. मध्येच कुणी गाणं लावलं की ओरडतात, "अरे, बाप्पा बसलाय मागं, बंद कर!"

मी कॉलेजात वायरलेसवरून एकमेकींशी बोलणाऱ्या गाड्यांची गणितं मांडतो. एकदा पेणला काकांना आलेख दाखवला: गाड्या बोलल्या नाहीत, तर पहिलीचा लहानसा ब्रेक मागे जाताना वाढत जातो आणि सगळ्यांत मोठा झटका शेवटचीला बसतो.

चहा निवला तरी काका बघतच होते. मग सगळ्यांत उंच रेषेवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही माझी गाडी. तिथं दुसऱ्या कुणाला नाय ठेवत मी."