चौथीचा वाकडेपणा

आमच्या शाळेतून दर शुक्रवारी पालकांच्या फोनवर एक निरोप जातो. तो मीच लिहिते, कारण चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि हेडमास्तर आमुगुने यांना मोबाईलवर दोन ओळींच्या पुढे लिहायचं म्हटलं की त्यांचा चष्मा हरवतो. निरोप असा: ‘सोमवारी प्रत्येक मुलाने घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून स्वतःच्या हाताने अमुक अमुक बनवून आणावे. खर्च करू नये.’ कधी ढोल, कधी टोपली, कधी बाहुली.

नवा अभ्यासक्रम आल्यापासून हे चाललंय. पाठांतर बंद, हाताला काम, असं सरकारनं ठरवलं. हेतू चांगला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे ठरवणाऱ्या माणसांच्या घरात बहुतेक कचऱ्याची बादली असावी. आमच्या मारागोली भागात टाकाऊ नावाची वस्तूच नसते. तेलाच्या रिकाम्या डब्यात मीठ असतं, रंगाच्या बादलीत पाणी असतं, तुटक्या चपलेची कोंबडीच्या खुराड्याला बिजागरी झालेली असते, आणि बाटलीची बुचं नवऱ्यानं छपराचे खिळे ठोकताना खाली घालायला जपून ठेवलेली असतात. केळीचं वाळलं सोपट म्हणाल तर त्याची चुंबळ करून आई बाजाराला गेलेली असते. पोरानं काहीही उचललं की घरातल्या कुणाचा तरी जीव वरखाली होतो.

त्यामुळे लोक टाकाऊ वस्तू विकत आणू लागले. पतपेढीतल्या कारकुनाच्या बायकोनं कागदाच्या पोकळ नळ्या हव्यात म्हणून संडासातल्या कागदाची बारा बंडलं आणली आणि सगळा कागद एका घमेल्यात उलगडून टाकला. पुढचे दोन महिने त्या घरातली माणसं घमेलं घेऊन जात होती. बुजगावण्याच्या आठवड्यात तर कहर झाला. माझ्या वर्गात मुलं त्रेचाळीस आणि बुजगावणीही त्रेचाळीस. त्यातल्या एकाच्या अंगावर चांगला करडा कोट होता. दुपारी एक गृहस्थ तावातावानं वर्गात शिरले. तो कोट त्यांच्या मेलेल्या भावाचा. आमच्याकडे माणूस गेला की ठरलेल्या दिवशी नातेवाईक बसून त्याचे कपडे वाटून घेतात, आणि त्या वाटणीत तो कोट रीतसर यांच्या नावावर व्हायचं ठरलं होतं. वाटणीला आठ दिवस अवकाश असताना पुतण्यानं तो बुजगावण्याला चढवला. मी म्हणाले, घेऊन जा. ते म्हणाले, वाटणीच्या आधी कसा नेऊ, लोक मला चोर म्हणतील. तेव्हा ते बुजगावणं आठ दिवस माझ्या टेबलाशेजारी उभं होतं आणि ते गृहस्थ रोज येऊन कोटाची बटणं मोजून जात होते.

अशा वेळी सगळ्यांना गुगा चावुलिमूंची आठवण झाली.

गुगा म्हणजे आजोबा. बाजारामागच्या उतारावर, मोठ्या खडकाला टेकून त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. वय सत्तरीला टेकलेलं, बोटं मात्र विशीतली. पत्र्याच्या डब्याची चिमणी, चपलेच्या तळाची चाकं लावलेली तारेची मोटार, सोपटाची टोपली, कणसाच्या सालीची बाहुली, काय सांगाल ते. चिकटवायला गोंद नाही, उगालीच्या, म्हणजे मक्याच्या, पिठाची खळ. बांधायला दोरा नाही, सोपटाचाच पीळ, आणि त्या पिळाला त्यांची एक खास गाठ. दोन वेढे आतून, एक उलटा, आणि टोक कुठं गेलं ते कुणाला दिसत नाही. ती गाठ त्यांना आईनं शिकवली. मी ती तीनदा बघितली आणि तिन्ही वेळा मला ती नवीन वाटली.

आयुष्याची बावीस वर्षं त्यांनी गावच्या हस्तकला केंद्रात पोरांना शिकवण्यात घालवली. शिकवलं त्यांनी, पण रजिस्टरात त्यांचं नाव ‘भांडारपाल’ म्हणून होतं, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. पुढे प्रमाणपत्रवाला एक तरुण आला. तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं चावुलिमूंना विचारलं, ‘सोपटं ओली करून घ्यायची की कोरडी?’ त्याला सगळं नीट समजावून सांगून झालं, आणि महिन्याभरात केंद्रानं चावुलिमूंना निरोप दिला. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट खुपते. लोक त्यांना फुंडी म्हणतात. फुंडी म्हणजे कारागीर, नळ गळला की बोलवायचा माणूस. त्यात वाईट काही नाही, पण त्यांना मास्तर म्हणवून घ्यायचं होतं. एकदा मला म्हणाले, “बाई, मी दुरुस्त करत नव्हतो हो. शिकवत होतो.”

त्यांची बायको कागेहा तोंडानं तिखट. ती म्हणायची, घरचं दार तीन वर्षं एका बिजागरीवर लोंबतंय आणि हे बसलेत लोकांच्या पोरांना खेळण्यातली दारं करून देत.

सुरुवातीला गुगा पोराला समोर बसवून म्हणायचे, तू कर, मी बघतो. पण आया रविवारी प्रार्थनेनंतर यायच्या आणि वस्तू सोमवारी सकाळी हवी असायची. शिकायला वेळ कुणाला होता? दोन अंडी, मूठभर साखर, चहाची पुडी ठेवायची आणि म्हणायचं, गुगा, एवढं करून द्या, पोरगं पुढच्या वेळी शिकेल. पुढची वेळ कधी येत नसे. वस्तू मात्र इतकी सुबक व्हायची की पहिल्याच महिन्यात एका आईनं ती परत आणली. म्हणाली, हे फारच चांगलं झालंय, बाईंना संशय येईल.

तेव्हापासून चावुलिमूंनी नवी विद्या कमावली. ते वाकडं करायला शिकले. दुसरीच्या मुलासाठी दुसरीचा वाकडेपणा, चौथीच्या मुलासाठी चौथीचा. दुसरीच्या टोपलीचा कान सुटलेला, चौथीच्या टोपलीचा नुसता कललेला. सहावीत एखादाच पीळ सैल. सरळ करणं सोपं, वाकडं करायला डोकं लागतं, असं ते म्हणायचे, आणि त्यात त्यांना थोडा अभिमानही होता. गाठ मात्र ते वाकडी मारू शकत नसत. हात ऐकायचा नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं का? ठाऊक होतं. माझ्या स्वतःच्या मुलीची कणसाची बाहुली त्यांनीच केली होती आणि साखर मीच दिली होती. सोमवारी मी वर्गात त्रेचाळीस वस्तूंचे फोटो काढायची, पोर्टलवर चढवायची आणि प्रत्येकापुढे चारांतला एक शेरा लिहायची. अपेक्षेपेक्षा सरस, अपेक्षेइतके, अपेक्षेजवळ, अपेक्षेखाली. हे शेरे गावात इतके रुजलेत की बाजारात बायका मासळीलाही ते देतात, आणि नवऱ्यांना तर देतातच. माझ्या वर्गात त्या वर्षी कुणी अपेक्षेखाली नव्हतं. कसं असणार?

वर्षअखेरीला शाळेत प्रदर्शन भरलं. वरच्या कचेरीतून एक मॅडम आल्या. त्या टेबलांवरून फिरल्या आणि मुलांना विचारत गेल्या, हे कुणी केलं? मुलांना आयांनी घरी पढवून पाठवलं होतं. “मी माझ्या स्वतःच्या हातांनी केलं,” असं एकेक पोर एकाच चालीत म्हणत गेलं. एका मुलीला मॅडमनी विचारलं, ही गाठ कशी मारलीस ग? ती बिचारी गोंधळली आणि म्हणाली, “माहीत नाही. बसली.” मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, खरी प्रतिभा अशीच असते, तिला स्वतःचं काही माहीत नसतं. मी मान डोलावली.

शाळेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मला ‘उत्कृष्ट मार्गदर्शक शिक्षिका’ म्हणून चौकटीतलं प्रमाणपत्र. ते मी दोन्ही हातांनी घेतलं, हे सांगितलं पाहिजे. मॅडम खूष होऊन आणखी एक गोष्ट करून गेल्या. शाळेत हस्तकलेच्या मास्तरची जागा त्यांनी मंजूर केली. प्रमाणपत्र असलं तर उत्तम, नसलं तरी चालेल, काम बघून घ्या, असं पत्रातच लिहिलं.

चावुलिमूंना मीच जाऊन सांगितलं. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. ‘नसलं तरी चालेल’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते काढायला विसरले. कागेहा त्या दिवशी टोमणा मारायलाही विसरली. पुढचे तीन आठवडे त्यांनी कुणाचं काही करून दिलं नाही. स्वतःचं काम करत बसले, कित्येक महिन्यांत केलं नव्हतं असं, सगळं सरळ. टोपली, ढोल, मोटार, बाहुली, पक्ष्याचं घरटं. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सगळं सामान डोक्यावरून न आणता मोटारसायकलवाल्याला सांगून आणलं, मास्तर म्हणून आल्यासारखं.

टेबलामागे तिघं होतो. मॅडम, आमुगुने आणि मी. आधी एक तरुण येऊन गेला. त्यानं लॅपटॉपवर टोपल्यांची चित्रं दाखवली. मग चावुलिमू आले. त्यांनी वस्तू एकेक करून मांडल्या आणि हात मागे बांधून उभे राहिले.

मॅडमनी टोपली उचलली, फिरवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांनी कपाटातून आमच्या प्रदर्शनातली टोपली मागवली. दोन्ही शेजारी ठेवल्या. ढोलाशेजारी ढोल ठेवला, मोटारीशेजारी मोटार.

“हे तर सगळं आपल्या मुलांचं उचललंय,” त्या म्हणाल्या. “बघा ना, गाठसुद्धा तीच.”

आमुगुने यांनी चष्मा लावला, दोन्ही गाठी बघितल्या आणि म्हणाले, खरंच की. आमुगुने यांच्या तीन नातवंडांची वर्षभराची कामं याच माणसानं केली होती.

मॅडम पुढे म्हणाल्या की कामात सफाई आहे, पण मुलांच्या कामात जी निरागस मोडतोड असते, जो सहज वाकडेपणा असतो, तो यात नाही. ही नक्कल आहे, आणि मोठ्या माणसानं लहान मुलांची नक्कल करावी याचं त्यांना वाईट वाटतं.

चावुलिमूंनी मॅडमकडे बघितलं नाही. आमुगुने यांच्याकडेही नाही. माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यात राग नव्हता. वर्गात एखादं पोर, उत्तर आपल्या बाईंना येतंय अशा खात्रीनं बघतं ना, तसं बघत होते.

मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण त्या एका वाक्यानं शाळेचं बक्षीस गेलं असतं, चाळीस घरांच्या आया खोट्या ठरल्या असत्या, आणि माझ्या भिंतीवरची चौकट उतरली असती. चाळीस घरांची काळजी मला तेव्हा फार वाटली असं मी आजवर स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला चौकट दिसत होती. मी तोंडात गुळणी धरून बसले. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला, कारण माझं अक्षर चांगलं आहे, आणि मी त्या सांगतील ते लिहिलं: ‘काम नीटनेटके. कल्पना चौथीच्या विद्यार्थ्यांवरून घेतलेल्या. अपेक्षेखाली.’

जागा लॅपटॉपवाल्याला मिळाली.

चार दिवसांनी तो कागद पोचवायला मी उतारावर गेले. शिपायाच्या हाती पाठवता आला असता, पण तेवढी तरी लाज मला होती. चावुलिमू दारात बसले होते. कागद त्यांनी वाचला, परत वाचला.

“अक्षर तुमचं आहे, बाई.”

मी हो म्हणाले.

कागेहा आतून बाहेर आली. तिला आधीच सगळं कळलं होतं, आमच्या बाजारात काही लपत नाही. ती म्हणाली, विचारा की तिला, पोरांनी कुणाचं उचललं ते. चावुलिमूंनी तिला हातानं थांबवलं.

“मॅडम बोलत होत्या तेव्हा तुम्ही काय म्हणालात? मला ऐकू आलं नसेल. कान जरा जड झालेत.”

“मी काही म्हणाले नाही, गुगा.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

त्यांनी कागदाची बारीक घडी घातली. तिची कड नखानं दाबून पक्की केली.

“पोरांना मी दोष देत नाही,” ते म्हणाले. “त्यांना निदान खोटं बोलायला तोंड तरी उघडावं लागलं.”

मी तशीच उभी राहिले. बसा, असं ते म्हणाले नाहीत. आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. कागेहा आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.