चार बोटांची फट

आकाराम मुकादम म्हणजे कागलचा अस्सल हेकट माणूस. तीस वर्षं पुलांच्या कामावर काढली, पण साहेबासमोर मान हलवायची कला काही त्याला जमली नाही. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यानं पुन्हा नाही म्हटलं, आणि तेही कुणाला, तर गावच्या पुढाऱ्याला, अमरसिंहदादांना!

झालं असं, की ओढ्यावरच्या नव्या पुलात दोन स्लॅबच्या मध्ये चार बोटांची फट होती. उन्हानं काँक्रीट लांबतं, म्हणून मुद्दाम सोडलेली. दादांची गाडी तिच्यावरून गेली, हिसका बसला आणि हातातला चहा पांढऱ्या शर्टावर. आता चूक दादांची नसणार, चहाची नसणार, म्हणजे पुलाचीच. फट काँक्रीटनं बुजवा, असा हुकूम सुटला आणि साहेबांनी तो आकारामच्या गळ्यात घातला.

"उन्हात पूल लांबतोय, दादा. त्येला सरकायला जागा नगो व्हय?" आकाराम म्हणाला.

दादा हसले. साहेबही हसले, दादांपेक्षा जरा जास्तच. आठवड्यात आकारामची बदली आजऱ्याला झाली आणि फट गुळगुळीत बुजली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो रोज दोन-दोन तास एसटीत उभा राहू लागला, पण वाईट त्याला पुलाचं वाटत होतं.

मेच्या एका कडक दुपारी स्लॅबच्या कडा फुगून फुटल्या. पूल बंद. नेमकं त्याच दिवशी दादांच्या लेकीचं, संयोगिताचं लग्न. नवरदेव सूट सावरत ओढ्यातनं चालत गेला. चौकशी समितीनं कारण शोधलं, यंदाचं ऊन! उन्हावर कारवाई करता येईना, म्हणून आकारामला परत बोलावलं. त्यानं चार दिवस छन्नी चालवून फट मोकळी केली, बोटं घालून मोजली, तेव्हा कुठं त्याच्या जिवाला बरं वाटलं.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी फटीचं उद्घाटन ठेवलं. दादांनी फीत कापली आणि पुलाला हातपाय पसरायला जागा आपणच मिळवून दिली, असं भाषणात ठोकून दिलं. आकारामनं मनाशी म्हटलं, श्रेय जाऊ दे खड्ड्यात, फट तरी उघडी हाय. मग त्याची नजर दादांच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर गेली. त्याचे दोन्ही पाइप फटीतच रोवलेले, आणि वाऱ्यानं हलू नयेत म्हणून वरून काँक्रीट ओतलेलं.

साहेबांनी त्याला फोटोला बोलावलं. संध्याकाळी नोकरी सुटणार होती. आता बदली करणार तरी कुठं? आकारामनं पिशवीतनं छन्नी काढली.

"फोटो काढा की तुमी," तो म्हणाला. "पर त्यो बोर्ड जरा धरून ऱ्हावा सायेब, मी खालनं फोडाय लागलोय."

साहेबांनी दोन्ही हातांनी बोर्ड धरला.