रांगेलची प्लॅस्टरची पाठ

रांगेल कुत्सारोव्हने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात नीट बसतील अशा वस्तू करण्यात घालवलं. बल्गेरियातल्या दुप्नित्सा गावात भाजीबाजाराच्या मागे त्याची कवळ्या बनवायची खोली होती. डॉक्टर दात काढायचे, रांगेल दात द्यायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. लग्नात, बारशात कुणी खदाखदा हसलं, की तो बोलणं अर्धवट सोडून त्या माणसाच्या जबड्याकडे टक लावून बघत बसायचा.

या धंद्यामुळे त्याची एक समजूत पक्की झाली होती : माणूस खोटं बोलतो. नवी कवळी तोंडात घालून विचारा, ‘‘कशी वाटते?’’ माणूस म्हणणार, ‘‘झकास!’’ आणि दोन-चार दिवसांत तोच माणूस गाल धरून दारात हजर. ‘‘म्हणून माणसाला विचारूच नये,’’ रांगेल म्हणायचा, ‘‘साच्याला विचारावं. साचा लाजत नाही, साच्याला घरी जायची घाई नसते, आणि माझं मन राखायची त्याला काही गरज नसते.’’

निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको राइना गावातल्या पेन्शनरांच्या डोंगर मंडळात दाखल झाले. दर जुलैत ही मंडळी तंबू पाठीवर टाकून रिला डोंगरात मुक्कामाला जायची. पहिल्याच वर्षी रांगेलची पार शोभा झाली. त्याने आणलेली सॅक सैन्यातल्या दिवसांतली होती, जाड कॅनव्हासची. तिचे पट्टे दुपारपर्यंत खांद्यात असे रुतले, की त्याने ती एका पाइनच्या झाडाखाली फेकली आणि जाहीर केलं, ‘‘मी इथेच राहतो. मला इथेच पुरा.’’ शेवटी मंडळाचा प्रमुख मिन्को याने स्वतःच्या सॅकवर रांगेलची सॅक लादून ती वर नेली.

मिन्को आयुष्यभर पोस्टमन होता. ओझ्याचं त्याला काही वाटलं नाही, पण ती गोष्ट काही तो विसरला नाही. वर्षभर रांगेल बेकरीतून पाव घेऊन बाहेर पडला, की कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून मिन्कोची हाक यायची, ‘‘रांगेल, झेपतोय ना रे पाव? का मी येऊ?’’

अख्खी बेकरी हसायची. रांगेल पाव काखेत मारून तरातरा घरी जायचा.

पुढचा वसंत आला तेव्हा त्याने ठरवलं, की यंदा सॅक घ्यायची ती अशी, की खांद्यांना तिचा पत्ताही लागू नये. आणि ती निवडायची शास्त्रशुद्ध.

‘‘म्हणजे कशी?’’ राइनाने विचारलं.

‘‘पाठीचा साचा घ्यायचा.’’

राइनाने पोगाचा या गोल पावाचं पीठ मळता मळता हात थांबवले. ‘‘कुणाच्या पाठीचा?’’

‘‘माझ्या. आणि तो तू घ्यायचास. मला मागे हात पुरत नाही.’’

आता साचा घ्यायचा कसा यावर दोघांचा अर्धा दिवस गेला. उभं राहून घ्यावा, तर ओलं प्लॅस्टर घसरून पॅन्टमध्ये जाणार. पलंगावर पालथं पडून घ्यावा, तर राइना पलंगाला हात लावू देईना. जमिनीवर पालथं पडून बघितलं, तर रांगेलचं पोट मध्ये आलं आणि तो होडीसारखा डुलायला लागला. अखेर त्याने शर्ट काढला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली आणि वाकून उभा राहिला. ‘‘लाव,’’ तो म्हणाला.

राइनाने सूर्यफुलाचं तेल त्याच्या पाठीला चोळलं आणि प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या पट्ट्या एकावर एक थापायला सुरुवात केली. रांगेल टेबलाकडे तोंड करून हुकूम सोडत होता. ‘‘खांद्यावर जाड. कमरेकडे आण. अगं, काठ नीट दाब! हिरडीचा काठ सुटला तर सगळं गेलं!’’

‘‘तुझ्या पाठीला हिरडी कुठंय?’’

‘‘बोलण्याची पद्धत आहे ती. दाब.’’

प्लॅस्टर धरायला लागलं आणि गरम व्हायला लागलं, तेवढ्यात बेल वाजली. राइनाचे हात कोपरापर्यंत पांढरे. तिने तशाच हातांनी दार उघडलं. समोर मिन्को. डोंगर मंडळाची वर्गणी मागायला आला होता. त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि हळूच विचारलं, ‘‘मोडली का?’’

‘‘काही मोडलेलं नाही,’’ रांगेल टेबलाशी बोलावं तसा बोलला. ‘‘सॅक घेतोय.’’

मिन्कोने यावर थोडा विचार केला. मग खुर्ची ओढून तो त्याच्यासमोर बसला. रांगेलला हलता येत नव्हतं आणि टेबल नाकासमोरच होतं, म्हणून मिन्कोने सोंगट्यांचा पट मांडला. रांगेलने वाकल्या वाकल्या दोन डाव जिंकले. राइनाने त्याला नळीने कॉफी पाजली. साचा निघाला तेव्हा एका बाजूला तेल कमी पडल्याचं कळलं. ते रांगेलला कळलं, मिन्कोला कळलं आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही कळलं. पाठीवरचे निम्मे केस साच्यातच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या साच्यात प्लॅस्टर ओतून त्याने पाठ तयार केली. खांदे, फऱ्यांची हाडं, कण्याची पन्हळ, डाव्या बाजूचा मोठा तीळसुद्धा. राइनाने ती भोवतीनं फिरून बघितली. ‘‘तुझ्यापेक्षा बरी दिसतेय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि घोरतही नाही.’’

ही पाठ घोंगडीत गुंडाळून, दोरीने बांधून रांगेल सोफियाच्या बसमध्ये चढला. ड्रायव्हरने हात आडवा घातला.

‘‘काय आहे ते?’’

‘‘पाठ.’’

‘‘कुणाची?’’

‘‘माझी.’’

ड्रायव्हरने मान वाकडी करून रांगेलच्या मागे बघितलं. तिथली पाठ जागच्या जागी होती. मग त्याने गाडी सुरू केली. रांगेलच्या शेजारी बसलेल्या बाईने मात्र सोफिया येईपर्यंत दोनदा क्रूसाची खूण केली आणि उतरताना घोंगडीला हलकेच हात लावून तो हात ओठांना लावला.

दुकानात विहरा नावाची मुलगी होती. भुवईत बाळी, दंडावर डोंगर गोंदलेला. रांगेलने घोंगडी सोडून पाठ काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ‘‘हिला बसेल अशी सॅक दाखवा.’’

विहराने पाठीकडे बघितलं, मग रांगेलकडे. ‘‘काका, पण तुम्ही स्वतः आलाच आहात ना? मग तुम्हीच घालून बघा की.’’

‘‘मी खोटं बोलेन.’’

‘‘कुणाशी?’’

‘‘तुमच्याशी. तुम्ही विचारणार, ‘कशी वाटते, काका?’ तुम्ही स्वभावाने चांगल्या दिसता. मी म्हणेन, ‘झकास!’ मग डोंगरात मरणार कोण? मी.’’

विहराने आयुष्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती, पण स्वतःवर एवढा अविश्वास असलेलं हे पहिलंच. तिने बाह्या सरसावल्या आणि सॅक काढायला लागली.

रांगेलने खिशातून निळा कागद काढला. कवळी तोंडात कुठे उंच लागते ते बघायचा हा कागद. जिथे दाब, तिथे निळा डाग. तो कागद पाठीवर पसरायचा, वर दगडांनी भरलेली सॅक चढवायची, आणि मग दोघांनी दोन बाजूंनी पाठ धरून तिला दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत न्यायची. गिऱ्हाइकं बाजूला होऊन वाट देत होती. एकाने तर ‘‘माफ करा’’ असंही म्हटलं, ते पाठीला. प्रत्येक फेरीनंतर रांगेल सॅक उतरवून डाग बघायचा. लाल सॅकने खांद्यावर डाग टाकला. राखाडीने कण्यावर. एका महागड्या सॅकने त्या तिळाला असं काही घासलं, की रांगेलच्या तोंडून ‘‘आई गं!’’ निघालं.

दुपार कलंडल्यावर एक हिरवी सॅक आली. ती उतरवली तर कागदावर डाग असा नाहीच. सगळीकडे एकसारखी फिकट निळी झाक, सकाळच्या आभाळासारखी. रांगेलचे डोळे भरून आले. इतकी नीट बसलेली कवळीसुद्धा त्याने कधी बनवली नव्हती.

‘‘हीच,’’ तो म्हणाला.

‘‘एकदा फक्त अंगावर घालून—’’

‘‘गरज नाही.’’

पाठ परत न्यायची म्हणजे तेवढंच ओझं, म्हणून विहराने मागितली तेव्हा त्याने ती दुकानालाच देऊन टाकली. ती तिने दर्शनी काचेत मांडली. आठवड्याभरात मिन्कोच्या पुतणीचा सोफियाहून फोन आला, की तीळ ओळखीचा वाटतोय. राइनाने कपाळाला हात लावला. ‘‘माझ्या नवऱ्याची उघडी पाठ राजधानीत रस्त्यावर,’’ ती म्हणाली, ‘‘आणि लोक मला बाजारात विचारतात, तब्येत कशी आहे त्यांची!’’

जुलै आला. मंडळाची आठ माणसं पहाटेच्या बसने डोंगराच्या पायथ्याशी उतरली. रांगेलने हिरवी सॅक पहिल्यांदाच भरून पाठीवर घेतली. पहिला रस्ता ओढ्याकाठाने, सपाट. शंभरएक पावलांतच त्याच्या घामाला वेगळाच वास यायला लागला, भीतीचा. सॅक वरून खांदे ओढत होती, खालून कंबर ढोसत होती आणि मधे कुठे टेकतच नव्हती. जुन्या कॅनव्हासच्या सॅकने याहून बरं वागवलं होतं.

‘‘कशी वाटते?’’ मिन्कोने विचारलं.

‘‘झकास,’’ रांगेल म्हणाला. त्याच्या धंद्यात ऐकलेल्या सगळ्या झकासांमध्ये हा सगळ्यांत केविलवाणा होता.

मग चढ लागला. खडा चढ. रांगेल पुढे झुकला, आणि त्याच क्षणी पाठीवरचं ओझं नाहीसं झालं. पट्टे सैल, कंबर मोकळी. जणू आईने पाठीवरून हात फिरवावा आणि तो तसाच ठेवावा. तो थांबला. ताठ झाला, सॅकने खांद्याला चावा घेतला. वाकला, पुन्हा आईचा हात. पाच-सहा वेळा त्याने हे करून पाहिलं. मागून येणाऱ्या राइनाला वाटलं, हा डोंगराला नमस्कार घालतोय.

‘‘काय चाललंय तुझं?’’

रांगेलने सांगितलं. राइना एकदम मटकन दगडावर बसली. ‘‘अरे, टेबल!’’ ती म्हणाली. ‘‘तू वाकला होतास! टेबलावर कोपरं टेकून! वाकलेल्या माणसाची सॅक घेतलीस तू!’’

मिन्कोला हसून हसून ठसका लागला. त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. रांगेल मात्र हसला नाही. सॅकचे पट्टे सारखे करत तो शांतपणे म्हणाला, ‘‘म्हणजे साचा बरोबरच होता. मीच चुकीचा उभा राहतोय.’’

आणि त्या क्षणापासून तो टेबलावर वाकल्यासारखाच चालू लागला. चढावर ते शोभलं. पठारावर आल्यावरही तो तसाच, कोपरं किंचित बाहेर, नजर बुटांवर. समोरून येणारी अनोळखी माणसं ‘‘शुभ दिवस!’’ म्हणायची आणि हा एवढा वाकून उत्तर देतोय म्हटल्यावर तीही वाकायची. एक जर्मन जोडपं तर बराच वेळ वाकून उभं होतं. आधी सरळ कुणी व्हायचं हे त्यांना कळेना.

तळ्याकाठी तीन दिवस तंबूत मजेत गेले. ल्युतेनित्सा म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी आणि पाव, संध्याकाळी घोटभर राकियाची दारू, सकाळी मिन्कोची कुरकुर. वर चढताना त्याचे गुडघे सुजले होते, आणि उताराच्या नुसत्या विचाराने तो ते चोळायला लागायचा. इतर दोघातिघांचंही तेच. या वयात डोंगर चढवतो, उतरवत नाही.

परतीच्या सकाळी उतार सुरू झाला आणि रांगेलची पंचाईत झाली. उतारावर पुढे वाकून चालावं तर माणूस सरळ दरीत. ताठ चालावं तर सॅक जीव घेते. तो उताराच्या तोंडाशी उभा राहिला, मग सावकाश वळला, डोंगराकडे तोंड केलं, वाकला, आणि उलट्या पावलांनी उतरायला लागला.

‘‘रांगेल, डोकं फिरलं का रे?’’ मिन्को ओरडला.

‘‘माझं सोड. तू वळून बघ.’’

‘‘मी नाही असले चाळे करणार.’’

पण चारच पावलं पुढे गुडघ्यात अशी कळ आली, की मिन्को शिव्या घालत वळला. एक पाऊल मागे टाकलं. दुसरं टाकलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून बाकीचेही थांबले. ‘‘दुखत नाहीये,’’ तो कुजबुजला, कुणी ऐकून ते सुख काढून घेईल अशा आवाजात.

घटकाभरात सगळं मंडळ पाठमोरं उतरत होतं. फक्त राइना सरळ. तिने तीस वर्षं दुप्नित्साच्या स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या, आणि आता तो आवाज पुन्हा बाहेर पडला. ‘‘लक्ष द्या! डावीकडे मोठा दगड! मिन्को, उजवा पाय! मधल्या मंडळींनी थांबावं, गाय आडवी येत आहे!’’ हुकूम सुटला की सात माणसं एकदम थांबायची. जन्मभर मिन्कोने कुणाचं ऐकलं नव्हतं. आज तो राइना सांगेल तसा पाय टाकत होता. रांगेल सगळ्यांत पुढे, म्हणजे सगळ्यांत मागे होता. त्याला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडे, वर, मोकळा झालेला डोंगर.

पायथ्याशी त्यांची बस उभी होती. ड्रायव्हर टरबुजाच्या बिया फोडत बसला होता. झाडीतून एकामागून एक सात ढुंगणं बाहेर पडताना पाहून त्याने बिया खाली ठेवल्या, काही न विचारता मागचं दार उघडलं आणि त्यांना तसंच चढू दिलं.

त्या सप्टेंबरात मंडळाची बैठक झाली. मिन्कोने प्रमुखाची शिट्टी आपणहून गळ्यातून काढली आणि राइनाच्या गळ्यात घातली. राइनाने पहिला ठराव मांडला, की पुढच्या वर्षी सगळ्यांच्या तब्येतीचा विचार करून नदीकाठचा सपाट रस्ता धरावा. सगळे हात वर झाले. एक सोडून.

‘‘मला चढ हवा,’’ रांगेल म्हणाला. ‘‘सपाट रस्त्यावर मी मरेन.’’

‘‘ठराव मंजूर,’’ राइना म्हणाली आणि शिट्टी वाजवली.

घरी जाताना राइना शिट्टी गळ्यात घालूनच पुढे चालत होती. बाजारात राइनाने एक कलिंगड घेतलं, चांगलं मोठं, दोन हातांत मावेना असं. इमारतीची लिफ्ट बंद होती. राइनाने खालूनच जिन्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

‘‘चढ हवा होता ना तुला?’’ ती म्हणाली. ‘‘घे हे. आपण पाचव्या मजल्यावर राहतो.’’

रांगेलने कलिंगड पोटाशी धरलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. राइना मागून शिट्टी वाजवत चढत होती. तिसऱ्या मजल्यावर शेजारणीने दार उघडून विचारलं, की झालंय काय. तेव्हा तो धापा टाकत एवढंच म्हणाला, ‘‘काही नाही, बाई. कलिंगड गोड आहे म्हणतात.’’