प्रॉम्प्टमधला हिरवा शब्द
मशीन ऑइलचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. लॅपटॉपवर कमांड टाइप करायच्या खिडकीतला, म्हणजे टर्मिनलमधला, ओळीच्या सुरुवातीचा मजकूर (प्रॉम्प्ट) हिरवा करायला मी सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मित्राच्या ओळी चिकटवल्या आणि टर्मिनल उघडताच बंद व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचं प्रॅक्टिकल होतं. “सगळं पुसून नव्याने टाक ना भाऊ,” मित्र फोनवर हसला, पण माझा प्रोजेक्ट त्याच लॅपटॉपमध्ये होता. अंबडच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले पप्पा तेलकट शर्टातच मागे उभे राहिले. “बिघडलं का रे?” “करतो मी नीट,” असं चाचरत म्हणालो आणि झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं. साध्या एडिटरमध्ये फाइल उघडून एकेक ओळ बंद करून पाहत गेलो. शेवटी चुकीची ओळ सापडली आणि टर्मिनल उघडं राहिलं. “झालं चालू?” पप्पांनी विचारलं. आजही माझ्या प्रॉम्प्टवर हिरव्या अक्षरांत एवढंच असतं: चालू.